वेल्डिंग मशीन बिघडलंय? कव्हर उघडण्याआधी या ५ गोष्टी तपासा



मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे रत्नागिरीत सगळ्यांचीच घाई. पाऊस यायच्या आत पत्र्याची शेड उभी राहायला हवी, गेटचा गंजलेला भाग बदलायला हवा. घरामागच्या मांगरात, म्हणजे शेडमध्ये, बाबांचं छोटं वर्कशॉप आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, घरूनच काम करतो आणि संध्याकाळी त्यांच्या हाताखाली उभा राहतो. नेमकं त्याच आठवड्यात आमचं २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन रुसलं. रॉड चिकटायला लागला, आर्क टिकेना, मध्येच पिवळा दिवा लागायचा.

एका रिपेअरवाल्याला फोन केला. मशीन न बघताच तो म्हणाला, "कार्ड गेलंय, बदलावं लागेल." मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन कव्हर खोलायला बसलो. बाबा म्हणाले, "आधी बाहेरचं बघ, मग आत शिर." ते बरोबर होते. कार्ड ठणठणीत होतं. दोष सगळा मशीनच्या बाहेर होता.

हे मशीन म्हणजे मोठा मोबाईल चार्जर

जुनं ट्रान्सफॉर्मरवालं मशीन हलवायला दोन माणसं लागायची. इन्व्हर्टर मशीन खांद्याला लावून नेता येतं. हे कसं जमलं? घरात येणारी वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची असते. मशीन आधी तिची सुमारे ३२५ व्होल्ट डीसी करतं. मग आयजीबीटी किंवा मॉसफेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. फ्रिक्वेन्सी वाढली की तेवढ्याच कामाला लहान ट्रान्सफॉर्मर पुरतो. तुमचा मोबाईलचा चार्जर खिशात मावतो, तोही याच युक्तीमुळे.

पण एक लक्षात ठेवा. ते ३२५ व्होल्ट आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तिथे राहू शकतात. तो झटका जीवघेणा असतो. त्यामुळे कव्हर उघडणं हे जाणकार मेकॅनिकचं काम. आपण बाहेरून काय तपासायचं ते पाहू.

१. लोडवर व्होल्टेज किती राहतं?

मशीन नुसतं चालू असताना व्होल्टेज बघून उपयोग नाही, आर्क सुरू असताना बघा. एक्स्टेंशन बोर्डच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये प्लगसारखा लावायचा डिजिटल व्होल्टमीटर लावा. आमच्याकडे नुसतं २१२ दिसत होतं. आर्क पेटला की थेट १८४! तुमचं मशीन किमान किती व्होल्टवर चालतं ते मागच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत असतं. संध्याकाळी सगळ्यांचे पंप आणि मिक्सर सुरू झाले की व्होल्टेज आणखी पडतं, म्हणून हेच काम सकाळी करून बघा.

२. एक्स्टेंशनची वायर

आमचा खरा चोर इथे सापडला. २५ मीटरचं एक्स्टेंशन, वायर १ स्क्वेअर एमएमची, आणि अर्धी रीलवर गुंडाळलेली. जरा हिशेब करू. जायची-यायची मिळून ५० मीटर तांब्याची तार, तिचा रोध साधारण १ ओहम. मशीन १८ अँपिअर ओढत असेल तर १८ व्होल्ट वायरच खाऊन टाकते, आणि १८ × १८ × १ = ३२४ वॅट उष्णता तयार होते. म्हणजे रील नाही, हीटरच! इन्सुलेशन वितळून आग लागायला एवढं पुरतं. शिवाय व्होल्टेज पडलं की तेवढीच पॉवर मिळवायला मशीन जास्त करंट ओढतं आणि वायर आणखी तापते.

२.५ स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये हाच तोटा ७ व्होल्टच्या आसपास येतो. वायर जाड घ्या, लांबी कमी ठेवा आणि काम करताना रील पूर्ण सोडा. २.५ एमएमचा रॉड, म्हणजे दुकानात मिळणारा १२ नंबर, ८० अँपिअरवर चालवला तर १६ अँपिअरच्या सॉकेटवर भागतं. १० नंबरला, म्हणजे ३.१५ एमएमला, ११० अँपिअर लावले की तोच सॉकेट अपुरा पडू शकतो. त्यासाठी इलेक्ट्रिशियनकडून वेगळी लाइन आणि एमसीबी घ्या.

३. अर्थ क्लॅम्प

क्लॅम्प रंगावर किंवा गंजावर लावला की करंटची परतीची वाट अडते, आर्क थरथरतो. आमचा क्लॅम्प रेड ऑक्साईडवरच लावलेला होता! जागा ग्राइंडरने चकचकीत करा. १० मिनिटं काम करून मशीन बंद करा आणि प्लग काढा. मग क्लॅम्प, होल्डर आणि केबलचे जोड बघा. त्यातला एखादाच जास्त गरम लागला तर तो जोड ढिला किंवा गंजलेला आहे, असं समजा. आणि हो, अर्थ क्लॅम्प म्हणजे घराचं अर्थिंग नव्हे. मशीनच्या प्लगची तिसरी पिन वेगळी, आणि तिला चांगलं अर्थिंग हवंच.

४. रॉड ओला आहे का?

पावसाळ्यात हा दोष हमखास येतो. ओल्या रॉडचा आर्क फडफडतो, शिंतोडे उडतात, वेल्डमध्ये भोकं पडतात. उघडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. साधा ६०१३ रॉड ओलसर झाला तर ११० अंश सेल्सिअसच्या आसपास तासभर सुकवतात. ७०१८ ला ३०० अंशांहून जास्त लागतं. नक्की आकडा पाकिटावर छापलेला असतो. स्वयंपाकघरातला ओव्हन मात्र वापरू नका.

५. पिवळा दिवा

बहुतेक वेळा हा बिघाड नसतो, मशीन स्वतःला वाचवत असतं. पट्टीवर "२०० अँपिअर, ६०%" लिहिलं असेल तर अर्थ असा की त्या करंटवर १० मिनिटांत ६ मिनिटं वेल्डिंग, ४ मिनिटं विश्रांती. दिवा लागला की स्विच बंद करू नका. पंखा चालू राहू द्या, मशीन लवकर थंड होईल.

किनाऱ्यावर राहताय? मग हे वाचाच

मिरकरवाड्याच्या बंदरात लोखंडाचं काय होतं ते रत्नागिरीकरांना सांगायला नको. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना? आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतला ओलावा ओढतं. मशीनचा पंखा हीच खारी हवा आत घेतो. ग्राइंडरची लोखंडी धूळ तिच्यात मिसळली की कार्डवर वीज वाहू शकेल असा थर बसतो. कार्ड खरोखर जातं ते बऱ्याचदा असंच. म्हणून:

- ग्राइंडर मशीनपासून लांब, आणि ठिणग्या उलट्या दिशेला.
- मशीन जमिनीवर नको, स्टुलावर ठेवा. मागे-पुढे हवेला जागा सोडा.
- दर दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून, बाहेरच्या जाळीतूनच ब्लोअरची कोरडी हवा मारा.
- काम संपल्यावर मशीन पूर्ण थंड झालं की झाकून कोरड्या खोलीत ठेवा.
- ओल्या जमिनीवर, ओल्या हातमोज्यांनी वेल्डिंग नको. रॉड आणि क्लॅम्पमध्ये काम सुरू नसतानाही ६० ते ८० व्होल्ट असू शकतात. लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. तो लाइनची गळती पकडतो, पण रॉडच्या बाजूचा झटका त्याला दिसत नाही. त्यामुळे कोरडे हातमोजे आणि बूट हवेतच.

मेकॅनिककडे कधी जायचं?

जळका वास, आतून फट्‌ आवाज, प्लग लावताच एमसीबी पडणं किंवा बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येणं. यातलं काहीही दिसलं तर लगेच थांबा.

कोड चालला नाही की मी आधी इनपुट तपासतो, मग प्रोग्रॅमला दोष देतो. इथे मात्र थेट प्रोग्रॅमच खोलायला निघालो होतो! जाड वायर आणली, क्लॅम्पखालचा रंग घासला आणि त्याच संध्याकाळी मशीन पहिल्यासारखं चालायला लागलं. पहिला पाऊस आला तेव्हा शेजाऱ्यांचं गेट जागेवर बसलेलं होतं.