दलालाचे छापील कार्ड

जागा-जमिनीची दलाली करणारास छापील कार्डाचा आज काही उपयोग उरला आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु वर्ध्यालगतच्या सावंगी (मेघे) येथे तो विचारला, म्हणजे त्याच्या पोटात एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची शिल्लक दडलेली आहे असे ध्यानात येते.

जुन्या काळच्या खेड्यात दलालास कार्ड कशाला लागावे? तो अमक्याचा मुलगा, तमक्याचा भाचा, हीच त्याची ओळख. त्याने कोणास फसविले तर दुसऱ्या दिवशी पारावर त्याची चर्चा व्हावयाची. सावंगीत १९९० साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयाचा व्याप वाढत गेला, आणि या गावाला सदैव परकी माणसे भेटू लागली. प्रवेशासाठी मुलीला घेऊन आलेला बाप, तीन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासाकरिता आलेला तरुण डॉक्टर, रुग्णाच्या उशाशी महिनाभर बसलेला भाऊ, या सर्वांना डोके टेकावयास जागा हवी असते. त्यांतलाच एखादा पुढे भूखंड घेण्याचा विचार करू लागतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा ते कळंब ही रेल्वे सुरू झाली. तेव्हा जमिनीच्या गोष्टींना बहर यावा हे स्वाभाविकच होय. मात्र घेणारा परका, आणि पुष्कळदा विकून देणाराही त्यास परकाच.

कार्डाचे मूळ काम नाव, पत्ता व दूरध्वनीचा क्रमांक पोहोचविणे. ज्यांच्या घरी दूरध्वनी नसे ते शेजारच्या दुकानाचा क्रमांक छापून त्यापुढे ‘पी. पी.’ अशी दोन अक्षरे घालीत, हे जुन्या मंडळींस आठवत असेल. ते काम आता संपले. भारतात १९९५ साली भ्रमणध्वनी आला. २०११ पासून कंपनी बदलली तरी क्रमांक तोच ठेवण्याची सोय देशभर झाली. आज दलाल चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या जागेची छायाचित्रे, लेआउटचा नकाशा आणि तेथवर जाण्याची वाट व्हॉट्सॲपवर पाठवितो. केवळ क्रमांकासाठी कार्ड छापणे म्हणजे पैशाचा अपव्यय होय, असे म्हणणारे दलाल आहेत व त्यांचे म्हणणे खोटे नाही.

परंतु क्रमांक पोहोचला म्हणजे माणूस पोहोचतोच असे नव्हे. एका रविवारी चार दलालांबरोबर आठ भूखंड पाहून परतलेल्या गृहस्थाच्या फोनात ‘प्लॉट वर्धा’, ‘प्लॉट वर्धा २’, ‘प्लॉट वर्धा नवीन’ अशी नावे साठलेली असतात. आठवड्याने त्यांतला कोण कोणता, हे त्याचे त्यासच कळत नाही. शिवाय आपल्याकडे घराचा निर्णय जो जागा पाहून येतो तो एकटा करीत नाही. घरी आई असते, अमरावतीस थोरले काका असतात. त्यांनी दलालास पाहिलेले नसते. त्यांच्यासमोर ठेवावयास फोनचा पडदा अपुरा पडतो. कार्ड हातात घेऊन, चष्मा लावून, उलटसुलट करून वाचता येते. ‘याचे दुकान कोठे आहे?’ हा काकांचा पहिला प्रश्न असतो, आणि पुष्कळ कार्डांवर नेमके त्याचेच उत्तर नसते.

येथेच कार्डाचा धोकाही आहे. सोनेरी अक्षरे व जाड कागद पाहून माणूस दिपतो. छापखानदार कोणाची पारख करीत नसतो. पैसे देणाऱ्यास तो ‘संचालक’ही छापून देतो. म्हणून कार्डावर शोधावयाची खरी गोष्ट निराळी आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याच्या कलम ९ अन्वये नोंदणीस पात्र प्रकल्पातील भूखंड अगर सदनिका विकून देणाऱ्या दलालास स्वतःची नोंदणी करावी लागते आणि विक्रीच्या प्रत्येक व्यवहारात तो क्रमांक नमूद करावा लागतो. आपल्या राज्यात ही नोंदणी २०१७ पासून महारेराकडे होते. दलालाचा क्रमांक ‘ए’ या इंग्रजी अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पी’ने. २०२३ पासून दलालांस प्रशिक्षण व परीक्षाही आवश्यक झाली. हा क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः घालून पाहावा. कार्डावरच्या चौकटीच्या ठिपकेदार खुणेवर, म्हणजे क्यूआर कोडवर, विसंबू नये. ती खूण छापविणारा नेईल तेथेच नेते.

यावरून ज्याच्या कार्डावर क्रमांक नाही तो लबाड, असा निष्कर्ष मात्र काढू नये. विद्यार्थ्यांना भाड्याच्या खोल्या मिळवून देणारास हा कायदा लागू नाही. एकाचे जुने घर दुसऱ्यास विकून देणाराही त्यातून सुटतो. पाचशे चौरस मीटरांपेक्षा मोठ्या नसलेल्या जमिनीवरील प्रकल्पही नोंदणीतून वगळलेला आहे. सावंगीसारख्या ठिकाणी प्रामाणिक दलालांपैकी कित्येक खोल्यांच्याच व्यवसायात असावेत, यात नवल नाही. आणि क्रमांक असला तरी तो जमिनीच्या मालकीची ग्वाही देत नाही. सातबारा, लागू असल्यास अकृषक परवानगीचा आदेश व मंजूर लेआउट हे कागद वेगळे मागावेच लागतात. तेथे आळस केला तर सेवानिवृत्तीची रक्कम शेतजमिनीच्या एका तुकड्यात अडकून बसते. त्या तुकड्यावर घरही बांधता येत नाही आणि पुढे गिऱ्हाईकही मिळत नाही.

तेव्हा दलालाने कार्ड छापावे. पण थोडे छापावे आणि त्यावर दुकानाचा खरा पत्ता, लागू असल्यास नोंदणीक्रमांक व आपण खोल्यांचे काम करतो की विक्रीचे, एवढे स्पष्ट लिहावे. मागची बाजू कोरी ठेवावी. भूखंड दाखवून झाल्यावर तेथे गट क्रमांक, क्षेत्रफळ, सांगितलेला भाव व आपली दलाली हे त्याने गिऱ्हाइकासमोर स्वहस्ते लिहून द्यावे, खाली तारीख घालावी. तोंडी सांगितलेला भाव पंधरा दिवसांत बदलतो. स्वतःच्या अक्षरात लिहिलेला भाव बदलताना माणूस जरा थबकतो. दलालाच्या दृष्टीनेही हे हिताचेच आहे, कारण दलाली किती ठरली होती यावरून होणारे तंटे काही थोडे नसतात. फक्त छापखान्यात एक सूचना द्यावयास विसरू नये: हल्लीच्या कार्डांना दोन्ही अंगांनी चकचकीत मुलामा देतात, त्यावर शाई ठरत नाही, मागचे अंग साधे ठेवावे.