एकनळी बंदूक : कोल्हापूरच्या घाटपट्ट्यातील पीकराखणीचे साधन

कोल्हापूर संस्थानातील शिकारीचा इतिहास बहुधा दरबाराच्या बाजूने सांगितला जातो. राजर्षी शाहू महाराजांचा शिकारीचा नाद, राजाराम महाराजांच्या काळातील चित्त्यांकरवी होणारी काळविटांची शिकार आणि त्या चित्त्यांना शिकवणारे चित्तेवान यांची आठवण छायाचित्रांतून व न्यू पॅलेसच्या संग्रहालयातून टिकून आहे; परंतु त्याच मुलखाच्या पश्चिमेस, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड या तालुक्यांत भात, नाचणी व उसाची राखण करणाऱ्या शेतकऱ्याची एकनळी बंदूक, म्हणजे एका वेळी एकच बार काढणारी, हलकी व स्वस्त बंदूक, अभ्यासाचा विषय क्वचितच झाली. दरबारी हत्यारांपेक्षा या बंदुकीचा संबंध अधिक माणसांच्या पोटापाण्याशी आलेला असल्यामुळे ही उपेक्षा खटकणारी आहे.

बंदूक कोणती असावी हे ठरवण्यात शेतकऱ्याच्या पसंतीइतकाच कायद्याचा वाटा आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली, म्हणजे रायफलीप्रमाणे आत पीळ नसलेली बंदूक आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांच्या परवान्याची तरतूद आहे. ठासणीची बंदूक अपुरी पडते अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर पिकासाठी दुसऱ्या प्रकारची गुळगुळीत नळीची बंदूकही मंजूर होऊ शकते.

ठासणीच्या बंदुकीत आधी दारू, तिच्यावर चिंधीचा बोळा, त्यावर छर्रे आणि वर पुन्हा बोळा अशा क्रमाने सर्व काही नळीच्या तोंडातून भरून गजाने ठासावे लागते. नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या पोकळ बोंडीवर स्फोटक टोपी बसवली जाते आणि चाप ओढताच घोडा त्या टोपीवर आदळून ठिणगी दारूपर्यंत पोहोचते. पहिला बार चुकल्यास दुसरा भरेपर्यंत डुकरांचा कळप शेताबाहेर गेलेला असतो. तयार काडतुसाची गरज नसणे हा या बंदुकीचा मोठा गुण, आणि दारूचे माप सर्वस्वी भरणाऱ्याच्या हाती असणे हा तितकाच मोठा धोका, कारण आधीचा बार नळीत आहे हे विसरून वर दुसरा ठासला गेला तर नळी फुटू शकते. यासाठी रिकाम्या आणि भरलेल्या नळीत गज कुठवर जातो याच्या खुणा गजावरच करून ठेवाव्यात. गगनबावड्यासारख्या अतिवृष्टीच्या भागात काळी दारू सादळते आणि बार झाल्यावर नळीत उरणारी तिची काजळी हवेतील ओल ओढून लोखंड खाते. त्यामुळे वापरानंतर नळी गरम पाण्याने धुणे, पूर्ण वाळवणे आणि तिला तेलाचा हात देणे यांत एका दिवसाचीही टाळाटाळ चालत नाही.

काडतुसी एकनळी बंदूक बिजागरीवर मोडून उघडते आणि काडतूस मागून घातले जाते. तिच्या नळीचे माप बोअरमध्ये सांगतात : एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्यास त्यांतील एका गोळीचा जो व्यास, तो बारा बोअर, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर; वीस बोअरची नळी त्याहून अरुंद, सुमारे १५.६ मिलिमीटर असते. अमेरिकेत हॅरिसन अँड रिचर्डसनसारख्या कंपन्यांनी अशा बंदुकीची आखूड दस्त्याची, वीस बोअरची किंवा ०.४१० इंच व्यासाची किशोरांसाठीची आवृत्ती दीर्घकाळ विकली. हलकी आणि स्वस्त म्हणून ती शिकाऊ हाताला सोपी, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. काडतूस तेच ठेवून बंदुकीचे वजन ३.२ किलोवरून २.४ किलोवर आणले, तर खांद्यावर येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. म्हणजे खिशाला आणि खांद्यावर वाहून नेण्याला जे सोयीचे, तेच बाराच्या क्षणी जाचक ठरते, आणि धक्क्याची धास्ती बसलेला नवखा माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो. शिकणाऱ्यासाठी फार हलकी नसलेली वीस बोअरची बंदूक, कमी भाराचे काडतूस, दस्त्याच्या टोकाला रबराची गादी आणि चापापासून त्या टोकापर्यंत १२ ते १३ इंच अंतर हा मेळ अधिक शहाणपणाचा होय. ०.४१०च्या काडतुसात छर्रे थोडे असल्याने नेम अधिक अचूक असावा लागतो. त्यामुळे धक्का कमी असूनही ती अनुभवी हातालाच शोभते.

घाटपट्ट्यात मात्र काडतूस कोणते मिळेल, हा प्रश्न आधी येतो. खडकीच्या १८६९मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्यात बारा बोअरची काडतुसे तयार होतात आणि भारतात हेच माप सर्वाधिक रुळलेले आहे. घरात दोन्ही मापांच्या बंदुका असतील तर एक दक्षता अनिवार्य ठरते : वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत गेले, तर ते पुढे सरकून अडकते आणि त्याच्या मागे बारा बोअरचे काडतूस बसू शकते, ज्याचा परिणाम नळी फुटण्यात होतो, याच कारणाने वीस बोअरच्या काडतुसांना पिवळा रंग देण्याची प्रथा पडली.

रानडुकराच्या बाबतीत तर हलक्या, लहान मापाच्या बंदुकीचा मोह पूर्णपणे टाळायला हवा, कारण बारीक छर्ऱ्यांनी डुक्कर मरत नाही, जखमी होऊन उसात शिरते आणि सकाळी पाणी पाजायला येणाऱ्या माणसाच्या जिवावर उठते. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर बंदी आहे. उभ्या पिकाची हानी करणाऱ्या डुकरालाही अकराव्या कलमाखाली सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून मारता येत नाही, आणि गवा तर पहिल्या अनुसूचीत असल्याने त्याचे संरक्षण याहून कडक आहे. संस्थानी शिकारीचे रान असलेले दाजीपूर १९५८मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झाले. आज त्याच्या कडेच्या गावांत बंदुकीचे खरे काम बहुतेक वेळा आवाजाने जनावर हुसकावण्याचे असते. एकवीस वर्षांखालील व्यक्तीला परवाना मिळत नसल्यामुळे तरुणांना बंदुकीची शिस्त लागण्याची योग्य जागा प्रशिक्षकाच्या देखरेखीखालील नेमबाजी केंद्र हीच आहे. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा स्वप्निल कुसाळे याच राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा.

पीकराखणीच्या बंदुकीची सर्वांत मोठी अडचण तिच्या घडणीत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, आणि विधानसभेच्या २०१४ व २०१९च्या निवडणुका ऑक्टोबरात, तर २०२४ची नोव्हेंबरात, म्हणजे नेमक्या भात पिकण्या-कापण्याच्या दिवसांत झाल्या. शस्त्र कोणी जमा करावे हे ठरवताना छाननी समितीने घाटकडेच्या गावांतील पीकसंरक्षणाच्या परवान्यांचा, धारकाची पूर्वपीठिका तपासून, स्वतंत्र विचार करणे हे न्यायाला धरून होईल. आणि बंदूक जमा करावी लागलीच, तर धारकाने ती रिकामी, धुतलेली व तेल दिलेली असल्याची खात्री करून पोचपावती घ्यावी.