सातबारा समजून घेताना (लेखांक ७) : भोगवटादार वर्ग-२

गेल्या आठवड्यात आपण फेरफार कसा वाचायचा ते पाहिलं. आज सातबाऱ्याच्या वरच्या भागाकडे वळू. गाव, तालुका, गट क्रमांक यांच्या जोडीला तिथे 'भूधारणा पद्धती' छापलेली असते आणि तिच्यापुढे 'भोगवटादार वर्ग-१' किंवा 'भोगवटादार वर्ग-२'. विसार देण्याआधी नाव आणि क्षेत्र सगळेच तपासतात. ही ओळ मात्र नजरेतून सुटते आणि मग खरेदीखताच्या वेळी व्यवहार अडतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २९ मध्ये हे वर्ग सांगितले आहेत. दोन्ही वर्गांचे भोगवटादार जमीन कायमची धारण करतात. फरक आहे तो हस्तांतरणाचा. वर्ग-२ च्या धारकावर त्याबाबत बंधन असतं. त्यामुळे 'वर्ग-२ म्हणजे सरकारची जमीन' हा गावोगावी ऐकू येणारा समज चुकीचा आहे. जमीन कसायला, पीक घ्यायला, मयताच्या वारसांची नोंद व्हायला काही अडत नाही. बँकेकडे किंवा सहकारी संस्थेकडे कर्जासाठी तारण ठेवण्याची वाटही संहितेच्या कलम ३६ ने मोकळी ठेवली आहे. परवानगीचा प्रश्न येतो तो विक्री, बक्षीसपत्र, अदलाबदल यांच्या वेळी.

हे बंधन शेतकऱ्याला त्रास देण्यासाठी घातलेलं नाही. कष्टाने कसणाऱ्याच्या हाती आलेली जमीन अडचणीच्या एखाद्या वर्षी कवडीमोलाने जाऊ नये, हा त्यामागचा हेतू.

आता महत्त्वाचा मुद्दा : वर्ग-२ च्या सगळ्या जमिनी एकाच वाटेने आलेल्या नसतात. कुणाला ती कूळ म्हणून मिळाली, कुणाला भूमिहीन म्हणून शासनाकडून, कुणाला प्रकल्पग्रस्त म्हणून, तर कुणाला वतन खालसा झाल्यावर पुनःप्रदानाने. प्रत्येकीचा कायदा वेगळा, परवानगी वेगळी, नजराणाही वेगळा. शेजाऱ्याची जमीन सहज विकली गेली म्हणून आपलीही जाईल, असं धरून चालू नका.

कुळाच्या जमिनीचंच उदाहरण घेऊ. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात १९४८ चा कूळकायदा लागू आहे. मराठवाडा आणि विदर्भासाठी वेगळे कायदे झाले. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी जमीन कसणारी कुळं कायद्याने खरेदीदार मानली गेली. कलम ३२-ग खाली किंमत ठरली आणि ती भरल्यावर ३२-म चं प्रमाणपत्र मिळालं. अशा जमिनीच्या 'इतर अधिकार' रकान्यात 'कूळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र' असा शेरा दिसतो. परवानगीशिवाय केलेलं हस्तांतरण अवैध ठरतं. २०१४ च्या दुरुस्तीने मात्र मोठा दिलासा दिला. खरेदीला दहा वर्षं झाली असतील, तर आकारणीच्या ४० पट रक्कम भरून विनापरवानगी विक्री करता येते. सातबाऱ्यावर आकार ५ रुपये २५ पैसे असेल, तर भरायचे फक्त २१० रुपये. अट एवढीच, की घेणारा शेतकरी हवा आणि कमाल धारणा व तुकडेबंदीचे नियम पाळलेले हवेत. एवढ्याशा रकमेसाठी कुणी एजंट हजारो रुपये मागत असेल, तर आधी तहसील कार्यालयात स्वतः चौकशी करा.

वर्ग-१ दिसला म्हणूनही निर्धास्त होऊ नका. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला घ्यायची, तर संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ ची बंधनं वर्ग कोणताही असला तरी लागू होतात.

म्हणून विसाराआधी तीन गोष्टी करा. भूधारणा पद्धती वाचा. इतर अधिकारातला प्रत्येक शेरा आणि त्याचा फेरफार क्रमांक टिपून घ्या. त्या फेरफाराची नक्कल काढून जमीन मुळात कोणत्या कायद्याखाली मिळाली ते शोधा. कोणती परवानगी आणि किती नजराणा, याचं उत्तर त्या मूळ आदेशातच असतं.

पुढील लेखांकात : 'इतर अधिकार' रकान्यातले बोजे आणि ते कमी करण्याची रीत.