कामाची वार्ता

स्वतःबद्दल स्वतःच बोलणे हे आपल्याकडे सभ्य माणसाचे लक्षण समजत नाहीत. चांगल्या मालाला दवंडी लागत नाही, असे आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो. गावच्या सुताराचा नांगर साऱ्या गावाच्या शेतात चालत होता, तोवर ते खरेही होते. आज परभणीतल्या कारागिराचे गिऱ्हाईक सेलूला असते, जिंतूरला असते, आणि दुकानाची पायरी चढण्याआधी ते मोबाइलमध्ये डोकावते. ज्याच्याविषयी तेथे चार ओळीही नाहीत, त्याच्या हातात कितीही कसब असले तरी त्या गिऱ्हाइकाच्या लेखी तो माणूसच नाही. तेव्हा आपल्या कामाविषयी लोक आवडीने वाचतील असे कसे लिहावे, हा प्रश्न आता एकट्या व्यापाऱ्याचा राहिलेला नाही. हातावर पोट असणाऱ्याचाही झाला आहे. आम्ही शाळेत फार शिकलो नाही. जे काही लिहायला शिकलो ते कामगारांची पत्रके लिहिता लिहिता. त्या शिदोरीवरच आम्ही चार गोष्टी मांडणार आहोत.

पहिली गोष्ट अशी की वाचणारा आपल्यासाठी वाचीत नाही, स्वतःसाठी वाचतो. याचे मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी समजूत शेतकऱ्यांत होती, असे त्या काळच्या हकिकतींत सांगतात. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० साली तेथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर तिचे संपादक होते. कारखान्याची व त्याच्या मालाची माहिती लोकांना द्यावी, हा मूळ हेतू. परंतु नुसत्या नांगराची स्तुती महिनोन् महिने कोण वाचणार? म्हणून वाचकाच्या उपयोगाचा आणि आवडीचा मजकूर तीत येऊ लागला, आणि हळूहळू त्या खबरीचे घरोघर वाचले जाणारे मासिक झाले. पुढे १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही मासिके त्याच घरातून निघाली. आधी वाचकाच्या पदरात काही पडले; कारखान्याचे नाव त्यामागून आपोआप घरात शिरले.

दुसरी गोष्ट नेमकेपणाची. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० साली 'दीनबंधु' पत्राची धुरा उचलली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांची हालत छापून लोकांपुढे आणली. १८८४ साली कामगारांच्या सभा भरल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या कमिशनकडे गेला. त्यात काय मागितले होते ते पाहा. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. 'आमच्यावर अन्याय होतो' एवढेच लिहिले असते, तर साहेबाने मान हलवून कागद बाजूला ठेवला असता. घड्याळाच्या काट्याला आणि पंचांगाच्या तारखेला असे हातावेगळे करता येत नाही. पुढे सहा वर्षे झगडून १० जून १८९० रोजी आठवड्याची सुट्टी पदरात पडली. आमचा अनुभवही हाच आहे. कोणत्या महिन्याचा किती पगार थकला हे ज्या पत्रकात आकड्यांनी असते, ते पत्रक माणूस घडी घालून खिशात ठेवतो. नुसत्या घोषणांचे पत्रक संध्याकाळी शेंगदाण्यांच्या पुडीला जाते.

आता हे आपल्या बाजारपेठेत आणून पाहू. समजा, एक कारागीर विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी पुन्हा भरून देतो. तो लिहितो, 'उत्कृष्ट काम, तत्पर सेवा, एकवार अवश्य भेट द्या.' हे शब्द शेजारच्या शिंप्यालाही चालतील आणि पलीकडच्या हलवायालाही. म्हणजे ते कोणाचेच नाहीत. त्याऐवजी त्याने असे लिहावे: 'तीनपैकी एक फेज गेला आणि मोटार तशीच चालू राहिली, की उरलेल्या तारांवर भार पडतो, मोटार तापते व जळते. म्हणून आवाज बदलला की आधी बटन बंद करा. विहिरीला पाणी नसताना पंप कोरडा चालवू नका. एवढे करूनही मोटार जळाली, तर मी ती भरून देतो. तार कोणती घातली ते पावतीवर लिहून देतो.' ऐन रब्बीच्या पाण्याच्या वेळी हे वाचणारा शेतकरी ते दुसऱ्याला दाखवील. कोणी म्हणेल, असे गुपित सांगितले तर गिऱ्हाईक तुटेल. आम्हांला तसे वाटत नाही. मोटार कधी ना कधी जळतेच, आणि त्या दिवशी शेतकऱ्याला तोच माणूस आठवतो ज्याने ती वाचविण्याची युक्ती सांगितली होती.

तिसरी गोष्ट आम्ही संघटनेचे माणूस म्हणून सांगतो, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्या जाहिरातीत 'सर्वांत स्वस्त' हे शब्द लिहू नका. आज तुम्ही ते लिहिले की उद्या शेजारच्याला त्याहून खाली उतरावे लागते, परवा तुम्हांला. अशा रीतीने साऱ्या गल्लीची मजुरी खाली येते, आणि कोणाचेही काम वाढत नाही. गोधडी शिवणाऱ्या बाईचे डोळे मात्र तेवढेच दुखतात. त्या बाईने लिहावे की या गोधडीत किती जुनी लुगडी गेली, टाका किती जवळ आहे, किती दिवस लागले. हे वाचल्यावर भाव करणाऱ्याची जीभ जरा अडखळते. लेखणीने भाव पाडायचा नसतो. भाव का आहे ते समजावून द्यायचे असते.

चौथी गोष्ट सचोटीची. जे केले नाही ते लिहू नये, आणि दुसऱ्याने केलेले आपल्या नावावर खपवू नये. चार जणांनी मिळून काम केले असेल, तर चौघांची नावे घालावीत. छापलेले खोटे एका गावात उघडे पडायला वेळ लागे. मोबाइलवरचे खोटे, फसलेले गिऱ्हाईक त्याच जागी खाली लिहून जाते.

ज्यांना अजूनही स्वतःचे नाव लिहिण्याचा संकोच वाटतो, त्यांनी आपल्या जिल्ह्याकडे पाहावे. गंगाखेडच्या जनाबाईंनी दळणकांडणाचे काम आपल्या अभंगांत आणले आणि अभंगाखाली आपले नाव घातले. त्यांना कोणी गर्विष्ठ म्हटले नाही. जात्यावर बसणाऱ्या दासीचे नाव शतके लोटली तरी लोकांच्या तोंडी आहे, कारण ते तिने स्वतः लिहिलेल्या शब्दांबरोबर आले. आपल्या कामाविषयी आपण लिहिले नाही, तर ठेकेदार लिहील, दलाल लिहील. आणि त्यांच्या लिहिण्यात आपले नाव असणार नाही.