यकृत विकरांची वाढलेली पातळी

यकृत विकरांची वाढलेली पातळी म्हणजे यकृतपेशींतील विकरे अर्थात एन्झाइम रक्तात नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात आढळणे. हा स्वतंत्र आजार नसून पेशींना झालेल्या इजेचा किंवा पित्तप्रवाहातील अडथळ्याचा संकेत असतो. त्यामुळे कोणते विकर, किती पटींनी आणि कोणत्या परिस्थितीत वाढले, हे पाहूनच निदान केले जाते.

स्वरूप

एएलटी म्हणजेच एसजीपीटी हे विकर मुख्यत्वे यकृतात असते. एएसटी म्हणजेच एसजीओटी हृदय, स्नायू व तांबड्या रक्तपेशींतही आढळते. प्रयोगशाळेनुसार फरक असला, तरी दोन्हींची कमाल मर्यादा साधारणतः प्रतिलिटर ४० एककांच्या आसपास धरतात. अल्कलाइन फॉस्फटेज व जीजीटी एकत्रितपणे वाढल्यास पित्तमार्गातील अडथळ्याची शंका येते.

कारणे

सौम्य वाढीचे एक प्रमुख कारण फॅटी लिव्हर हे असून त्याचा स्थूलता व मधुमेहाशी निकटचा संबंध आहे. मद्यजन्य यकृतदाहात एएसटी बहुधा एएलटीच्या दुपटीहून अधिक असते. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ए व ई या आजारांत, तसेच पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेमुळे पातळी हजारांत जाऊ शकते. क्षयरोगावरील आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड या औषधांमुळेही ती वाढते.

नागपूर व विदर्भातील संदर्भ

विदर्भात सिकलसेल आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. या आजारात तांबड्या पेशी फुटल्याने यकृत निरोगी असतानाही एएसटी वाढू शकते. मात्र पित्ताशयातील खडे व वारंवार रक्त दिल्याने साचणारे लोह यांमुळे यकृताला प्रत्यक्ष इजाही होते. म्हणून अशा रुग्णांत केवळ एएसटीवर विसंबता येत नाही.

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर परिसरात स्क्रब टायफसचा उद्रेक झाला होता. चिगर या सूक्ष्म अळ्यांच्या चाव्यातून होणाऱ्या या तापात, तसेच डेंग्यूत, यकृत विकरे वाढतात; त्यामुळे काविळीचा समज होऊ शकतो. अंगावरील काळी खपली हे स्क्रब टायफसचे महत्त्वाचे लक्षण असले, तरी ती प्रत्येक रुग्णात दिसत नाही. डॉक्सिसायक्लिनने हा आजार बरा होतो. उपचारास विलंब झाल्यास तो प्राणघातक ठरू शकतो.

निदान व मर्यादा

औषधे, काढे व मद्यपानाची माहिती, हिपॅटायटिस बी व सी यांच्या चाचण्या आणि सोनोग्राफी यांवरून कारण शोधले जाते. सिरॉसिसमध्ये विकरे सामान्यही असू शकतात. कावीळ, रक्त गोठण्यास विलंब किंवा मानसिक गोंधळ ही गंभीर लक्षणे असून त्यांवर तातडीच्या उपचारांची गरज असते.