इंजिन गप्प, समोर शेत!

रविवारची सकाळ. शंभरएक किलोमीटरवरच्या छोट्या विमानतळावर उडत जायचं, पॅनकेक हाणायचे आणि जेवणाच्या आत घरी. अमेरिकेत आयोवाला प्रोजेक्टवर असताना असं आमंत्रण आलं तर तुम्ही नाही म्हणाल? मीही म्हटलं नाही. गोची एवढीच होती की ते विमान आमच्या टीममधल्या साठीच्या सिनियरनं घरच्या गॅरेजमध्ये बनवलं होतं. मनातल्या मनात मी त्याला काका म्हणतो.

गॅरेजमधलं विमान

तिथे हा वेडेपणा समजत नाहीत. अशा हौशी मंडळींची संघटना १९५३ पासून आहे आणि विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला दर उन्हाळ्यात त्यांची जत्रा भरते. नियम सोपा : निम्म्याहून जास्त काम हौसेखातर स्वतः केलेलं हवं. मग साधारण २५ ते ४० तास चाचणीची उड्डाणं, त्यानंतरच पॅसेंजर. आपल्याकडेही कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव आहेतच की!

काकांच्या कॉकपिटमध्ये एक पाटी होती. हे विमान हौशी माणसानं बनवलंय, नेहमीच्या विमानांचे सुरक्षा-निकष ते पाळत नाही, अशा अर्थाची. मी तिचा फोटो काढला. हसलोसुद्धा.

दोन मिनिटं

आदल्या रात्री पाऊस झालेला, हवा दमट. विमानतळ जवळ आला म्हणून काकांनी थ्रॉटल कमी केला. दोन हजार फुटांवर इंजिन खोकलं. काकांनी एक नॉब ओढला. आणखी दोन खोकले आणि मग... शांतता. पंखा वाऱ्यानं नुसताच फिरत होता.

पोटात गोळा म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

काकांनी विमानाचं नाक किंचित खाली केलं. इंजिन बंद पडलं तरी विमान दगडासारखं पडत नाही, तरंगत उतरतं. पण वेग गेला तर खेळ खलास. ‘विमानतळ गाठू ना?’ मी विचारलं. ‘नाही. ते शेत.’ आवाज स्टेटस मीटिंगमधला. विजेच्या तारा टाळून, वाऱ्याच्या तोंडावर, गुडघ्याखालच्या सोयाबीनमध्ये. पेट्रोल बंद, स्विच बंद. ‘कॅनॉपीची खिट्टी काढ.’ आपटल्यावर ती अडकली तर आत कोंडले जाऊ, म्हणून. पट्टे घट्ट.

धाडकन आदळलो, उसळलो. ओल्या मातीत पुढचं चाक दुमडलं आणि विमान नाक घासत थांबलं. मला खांद्यावर पट्ट्याचा वळ, काकांना ओठावर एक चीर. बस्स. पाचव्या मिनिटाला शेतकरी पिकअप घेऊन हजर. त्याच्या सोयाबीनची वाट लावली होती आम्ही. त्यानं आधी पाणी दिलं.

पुरावा वितळला

नंतर सगळं उघडून पाहिलं. पेट्रोल भरपूर, प्लग ठीक. संशय एकच : कार्ब्युरेटरमध्ये बर्फ. जूनमध्ये बर्फ? हो! तिथल्या अरुंद नळीत हवा वेगानं जाते, पेट्रोलची वाफ होते आणि तापमान वीसेक अंशांनी सहज उतरतं. हवा दमट असेल आणि थ्रॉटल कमी, तर बाहेर वीस-पंचवीस अंश असतानाही नळी बर्फानं तुंबते. त्या नॉबनं गरम हवा आत येते, पण तो थ्रॉटल कमी करण्याआधी ओढायचा असतो. ‘उशीर मी केला,’ काका सरळ म्हणाले. विमान स्वतः बनवलं की दोष द्यायला दुसरं कुणी नसतं.

ऑफिसात काही हुकलं की आपण पहिली पंधरा मिनिटं मेल कुणाला फॉरवर्ड करायची यात घालवतो. काकांकडे दोन होती. त्यांनी आधी शेत निवडलं, चूक नंतर कबूल केली.

त्या रात्री आईचा फोन आला. ‘जेवलास का रे?’ ‘हो, पॅनकेक.’ साफ खोटं. खरं काय ते तिला आज हे वाचून कळेल. सॉरी, आई.

काकांनी विमान दुरुस्त केलंय. परवा मेल आली : ‘पॅनकेक राहिलेत.’ मी अजून उत्तर दिलेलं नाही. पण डिलीटही केलेली नाही.