कान्हेरीच्या कातळावरील नावे

मुंबईच्या उपनगरांत कांदिवली व बोरिवली ही शेजारी गावे आहेत. त्यांच्या पूर्वेस दाट वनराईने झाकलेले डोंगर दिसतात. या डोंगरांच्या कुशीत कान्हेरीची बौद्ध लेणी आहेत. कांदिवलीहून निघालेला प्रवासी पुढच्याच बोरिवली स्थानकावर उतरतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून काही किलोमीटरांचा वनमार्ग आक्रमिल्यावर तो लेण्यांपाशी पोहोचतो. कातळाच्या काळ्या रंगामुळे या डोंगराला प्राचीन काळी ‘कृष्णगिरी’ असे नाव पडले. त्याचाच अपभ्रंश होऊन ‘कान्हेरी’ हे नाव झाले.

येथे शंभराहून अधिक लेणी आहेत. बौद्ध भिक्षू एरवी गावोगाव फिरून धर्मोपदेश करीत; परंतु पावसाळ्यात ते एकाच ठिकाणी राहत. त्यांच्या निवासासाठी डोंगरात ज्या खोल्या कोरल्या, त्यांना विहार म्हणतात. उपासनेच्या मंदिराला चैत्यगृह म्हणतात.

कान्हेरीचे मोठे चैत्यगृह तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. ते सुमारे ८६ फूट लांब व ४० फूट रुंद आहे. आत खांबांच्या रांगा असून टोकाला स्तूप आहे. छत कमानीसारखे गोलाकार आहे. ओसरीच्या दोन्ही बाजूंस बुद्धाच्या वीस फुटांहून उंच अशा उभ्या मूर्ती आहेत. त्या मागाहून कोरलेल्या आहेत. हे मंदिर दगडावर दगड रचून बांधलेले नाही. अखंड कातळ वरून व आतून पोखरीत कारागिरांनी ते घडविले. एखादा घाव चुकून अधिक बसला, तर तुटलेला दगड पुन्हा जोडता येत नसे!

हे मंदिर कोणी करविले? ओसरीतील ब्राह्मी लिपीतील लेखात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे नाव आहे. तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस राज्य करीत होता. परंतु त्याच लेखात दाते म्हणून गजसेन व गजमित्र या दोन व्यापारी बंधूंची नावे आहेत. राज्य राजाचे होते. मंदिरासाठी धन मात्र प्रजाजनांनी वेचले.

लेण्यालेण्याजवळ पाण्याची टाकी खोदलेली आहेत. डोंगराच्या उतारावरून वाहणारे पावसाचे पाणी कातळात कोरलेल्या पन्हळींतून या टाक्यांत येई. पावसाळा सरल्यावर डोंगरावर राहणाऱ्यांना याच पाण्याचा आधार असे. असे एक टाके कल्याणच्या एका सोनाराने दान दिले. कल्याणच्याच एका लोहाराने येथे वाट करून दिली. कोणी मंदिर दिले, कोणी पाणी दिले, तर कोणी वाट दिली. ज्याला जे शक्य होते, ते त्याने दिले.

आणखी एका टाक्याजवळचा लेख विशेष महत्त्वाचा आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाच्या राणीचा त्यात उल्लेख आहे. ती एका महाक्षत्रपाची कन्या होती. शतेरक नावाच्या अमात्याने ते टाके दान दिले. सातवाहन व क्षत्रप ही त्या काळी परस्परांशी लढणारी राजघराणी होती. या लेखामुळे त्यांच्यात सोयरीकही झाली होती, हे कळते. परंतु लेखाचा काही भाग फुटून गेला आहे. राणीच्या पित्याच्या नावातील ‘रु’ हे पहिले अक्षर तेवढे उरले आहे. तो रुद्रदामन असावा, असे विद्वान मानतात. राणीचे स्वतःचे नाव तर आज कोठेच वाचावयास मिळत नाही. दगडाचा एक तुकडा गेला आणि त्याबरोबर इतिहासाचे एक पानही गेले.

अशा स्थळी जाणारे काही अविचारी लोक खिळ्याने किंवा दगडाने भिंतीवर आपले नाव खरडतात. त्यामुळे प्राचीन अक्षरांची कायमची हानी होते. सोनाराचे व लोहाराचे नाव तेथे राहिले, कारण त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यांना काही दिले. ज्याने काहीच दिले नाही, त्याने तेथे नाव तरी कशासाठी कोरावे? कान्हेरीस जाणाऱ्याने ती अक्षरे डोळे भरून पाहावीत आणि जशी आहेत तशीच मागून येणाऱ्यांसाठी ठेवावीत. आजच्या माणसाने कान्हेरीला द्यावयाचे दान ते हेच होय.